आईचे चोवीस तास आणि घरातलं वतन

गेल्या वर्षी ७ फेब्रुवारीला, माता रमाई जयंतीच्या दिवशी, मी विहाराच्या मागच्या बाजूला भाताच्या पातेल्याजवळ चक्कर येऊन पडले. पुढे मंडपात भाषण चालू होतं. वक्ते सांगत होते, रमाईनं उपाशी राहून, शेण्या थापून संसार केला, पण तक्रारीचा एक शब्द काढला नाही. आजच्या माता-भगिनींनी हा त्याग डोळ्यांसमोर ठेवावा. मी सकाळी सहापासून उभी होते. पोटात दोन कप चहा आणि अर्धं बिस्कीट. मी पडले तेव्हा झारा माझ्या हातात होता आणि मंडपात टाळ्या वाजत होत्या.

दवाखान्यात हिमोग्लोबिन निघालं ६.४. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "गावागावातून बायकांना रक्त तपासायला घेऊन येता त्या ताई तुम्हीच ना? तुमचं स्वतःचं शेवटचं कधी तपासलं?"

मला आठवेना. बराच विचार केल्यावर आठवलं, धाकट्याच्या बाळंतपणात. म्हणजे पाच वर्षांपूर्वी.

रक्त द्यायला आमच्या मंडळाची चार पोरं अर्ध्या तासात हजर झाली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण खाटेवर पडल्या पडल्या एक गोष्ट मनात येत राहिली. आपलं रक्त काढून द्यायला तयार असलेल्या या पोरांपैकी एकानंही सकाळपासून एकदा येऊन ते पातेलं उचललं नव्हतं. त्यांना नको होतं असं नाही. तसं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. 'स्त्रीचे दुहेरी श्रम' यावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ साली 'सेकंड शिफ्ट' या नावाचं पुस्तक लिहिलं. नोकरी करून घरी आलेल्या बाईची घरात दुसरी पाळी सुरू होते, हे त्यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांमध्ये राहून दाखवलं. ते मला तोंडपाठ होतं. पण आपण स्वतः त्या दुसऱ्या पाळीवर आहोत, आणि आपल्या चळवळीत तर तिसरी पाळीही आहे, हे कळायला मला खाली पडावं लागलं.

दवाखान्यात दोन दिवस काढले. दुसऱ्या दिवशी मुलीची वही मागवली आणि मागच्या पानावर माझे चोवीस तास मांडले.

पावणेपाचला उठणं. पाणी, झाडलोट, स्वयंपाक, दोन मुलांचे डबे, आत्याबाईंच्या गोळ्या, धुणं, मुलांची शाळेची तयारी. सव्वानऊपर्यंत साडेचार तास. मग स्कूटीवरून ऑफिस आणि गावं, साडेनऊ ते सहा, साडेआठ तास. साडेसहा ते आठ पुन्हा स्वयंपाक, दीड तास. आठ ते साडेनऊ विहारातली बैठक किंवा महिला मंडळ. साडेनऊ ते साडेअकरा भांडी, अभ्यास, उद्याची भाजी, दोन तास. बेरीज केली. पगाराचं काम साडेआठ तास, घरचं आठ तास, समाजाचं दीड तास. एकूण अठरा तास. झोप सव्वापाच तास. जाण्यायेण्यात पाऊण तास. आणि माझं स्वतःचं? त्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

मग शेजारी आमच्या ह्यांचे चोवीस तास लिहिले. ते शिक्षक आहेत आणि चळवळीतले खंदे कार्यकर्ते. शाळा सात तास, चळवळ तीन तास, झोप साडेसात तास. घरकामाच्या रकान्यात अर्धा तास, तोही बाजारातून भाजी आणण्याचा. उरलेले सहा तास पेपर, फोन, चहा, मित्र, चर्चा यांत जायचे. हे वाईट माणूस नाहीत. संविधानावर त्यांच्याइतकं चांगलं बोलणारा आमच्या तालुक्यात क्वचित कुणी असेल. म्हणूनच हे लिहायचं. वाईट माणसाबद्दल लिहिणं सोपं असतं.

हे फक्त माझ्या घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. त्यातही जे पुरुष घरकाम करतच नाहीत ते या ८८ मिनिटांच्या हिशोबात धरलेलेच नाहीत. मुलांची आणि म्हाताऱ्यांची काळजी घेण्याची मिनिटं वेगळी. त्यातही बाईची १३७ आणि पुरुषाची ७५.

आता मुद्द्यावर येते. दवाखान्यातून घरी आल्यावर मी महिला मंडळात म्हटलं की कामकरी आईनं स्वतःची काळजी घेणं यावर आपण एक कार्यक्रम घेऊ. तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, हे सेल्फ केअर वगैरे शहरातल्या उच्चवर्णीय बायकांचं फॅड आहे. आपल्या बायका कष्टानं घडल्यात. त्यांना असल्या सवयी लावू नका."

या आक्षेपाला मी हसून सोडणार नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. ८ मार्च आला की पार्लरच्या सवलतींचे मेसेज सुरू होतात. स्वतःवर प्रेम करा म्हणजे आमची क्रीम घ्या, सुगंधी मेणबत्ती घ्या, दोन दिवस रिसॉर्टला जा. बाजार आधी बाईला थकवतो आणि मग थकवा घालवायच्या वस्तू तिलाच विकतो. आणि ज्या बाईला रिसॉर्टला जायला वेळ मिळतो, तिच्या घरची धुणीभांडी कोण करतं? बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली एखादी बाई. एकीची विश्रांती दुसरीच्या पाठीवर उभी असते आणि ती पाठ कुठल्या जातीची असते, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

पण यावरून काय ठरतं? आपल्या बाईनं विश्रांती मागू नये असं ठरतं का? माझ्या मते बरोबर उलटं ठरतं. विश्रांतीलाही जात आहे. हजारो वर्षं ज्यांना ती नाकारली गेली, त्यांनी ती मागणं हे फॅड कसं होईल?

आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास आठवा. महार वतन म्हणजे काय होतं? वतनदारानं रात्रंदिवस, चोवीस तास, गावाच्या आणि सरकारच्या हाकेला उभं राहायचं. तो आजारी असेल, गावाला गेला असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. कामाला वेळ ठरलेली नाही, मोबदला ठरलेला नाही, नाही म्हणायची सोय नाही. आणि वरून हा मान आहे असं सांगायचं! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं ते ही गुलामगिरी मोडायला. आपला हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तिथला कारभार वेगळा. पण रात्री हाक आली की भाकर टाकून पळायचं, हे माझ्या आजोबांनी त्यांच्या वडिलांबद्दल मला सांगितलंय.

आता हीच लक्षणं घरातल्या आईला लावून बघा. चोवीस तास हाकेला हजर. कामाची वेळ ठरलेली नाही, मोबदला नाही. ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण उभं राहतं? नवरा नाही, तिची नऊ वर्षांची मुलगी. मी दवाखान्यात होते त्या दोन दिवसांत माझ्या मुलीनं भांडी घासली. मुलगा लहान म्हणून सुटला, आणि तो मोठा झाला तरी सुटलाच असता. वतन असंच वारशानं चालतं. आणि वरून मान आहेच: आई म्हणजे देवता, आई म्हणजे त्यागमूर्ती. गावाचं वतन कायद्यानं गेलं. घरातलं वतन अजून चालू आहे आणि त्याचे गावकरी आपणच आहोत.

रमाईंबद्दलही बोलायला हवं. मला माहीत आहे की हा हळवा विषय आहे. माझ्याही घरात त्यांचा फोटो आहे आणि मी रोज त्यासमोर हात जोडते. पण आपण त्यांच्या आयुष्यातून काय शिकतो? रमाईंची चार लेकरं गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. त्यांनी गरिबी सोसली, आजारपण सोसलं आणि २७ मे १९३५ ला त्या गेल्या, तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आपण हे सांगताना गहिवरतो आणि शेवटी म्हणतो, भगिनींनो, असा त्याग करा.

बाबासाहेबांनी स्वतः यातून काय घेतलं ते बघा. १९२८ च्या सुरुवातीला 'बहिष्कृत भारता'त त्यांनी समाजाच्या ऋणाबद्दल लिहिताना स्वतःच्या घरची हकिगत सांगितली आहे. आपण परदेशात असताना बायकोनं प्रपंचाचा भार वाहिला, परत आल्यावरही तिनं डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या, आणि अशा बायकोसाठी आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही देता येत नाही, अशी ती कबुली आहे. आपल्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी घरच्या बाईबद्दल असं छापून कबूल केलंय? त्या मजकुरात रमाईंच्या कष्टांचा अभिमान आहे आणि त्या अर्ध्या तासाची बोचही आहे.

त्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा यासाठीचं बिल चर्चेला आलं. बाबासाहेबांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून तो भार सरकारनं उचलायला हवा, आणि ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकानंही उचलायला हवा. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा केल्या. खाणीवर पाळणाघर असावं ही तरतूदही त्याच काळातली. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तास काम होतं. ते ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती बाबासाहेबांच्या बिलातून आली. आठ तास काम म्हणजे काय? उरलेले सोळा तास माणसाचे स्वतःचे आहेत, असं कायद्यानं म्हणणं. त्यात झोप आली, वाचन आलं, लेकरांशी खेळणं आलं.

ज्या माणसानं घरात रमाईंचे हाल पाहिले, त्यानं बाहेर येऊन बायकांना हाल सोसायला सांगितलं नाही. त्यानं रजा मागितली, पाळणाघर मागितलं, कामाचे तास मोजले. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत तर त्यांनी सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी होऊ नये. तेव्हा रमाईंबद्दल खरी कृतज्ञता दाखवायची असेल तर आपल्या घरातल्या बाईच्या कामाचे तास मोजायला सुरुवात करा. फोटोला हार घालायला दोन मिनिटं लागतात. तास मोजायला हिंमत लागते.

काही जण म्हणतील, धम्मात तर त्याग आहे, वीर्य आहे. आहे ना. पण सोण भिक्खूची गोष्टही आहे. साधनेच्या जिद्दीत तो पायातून रक्त येईपर्यंत चंक्रमण करत राहिला आणि शेवटी निराश होऊन घरी परतायचा विचार करू लागला. तो आधी वीणा वाजवायचा. भगवान बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? फार सैल सोडल्या तर? दोन्हीचं उत्तर नाही असंच आलं. मग प्रयत्नही समतोल ठेव, असं त्याला सांगितलं. तथागतांनी त्या रक्ताळलेल्या पायांचं कौतुक केलं नाही. आपण मात्र आईच्या भेगा पडलेल्या पायांवर कविता करतो.

माझं काम हिंगोली आणि सेनगाव तालुक्यातल्या गावांत आहे. दिवाळीनंतर तिथली बरीच घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या नावानं, कष्ट दोघांचे, आणि पहाटे उठून भाकरी थापणं एकटीचं. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो, खाडा चुकत नाही. एकदा बैठकीत एक बाई मला म्हणाली, "ताई, पिशवी काढली की पाळीची कटकट नाही अन् खाडाबी नाही." तिचं वय तिशीच्या आतलं होतं.

बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची तपासणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. याला कुणी आजार म्हणेल. मी म्हणते, रजा नसल्याचा हा परिणाम आहे. विश्रांती मिळत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकायची पाळी बाईवर येते. अशा बाईसमोर उभं राहून 'स्वतःची काळजी घ्या, रोज सकाळी फिरायला जा' असं सांगायची मला लाज वाटते. तिच्या काळजीचा पहिला अर्थ आहे पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवशी खाडा न पडणं, तळावर पाणी आणि संडास असणं, लेकरांना पाळणाघर असणं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगलं झालं. पण ती नोंदणीतल्या नोकरदार बाईला. कोयत्यावरच्या, हळदीच्या शेतातल्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? आशाताईला सरकार कर्मचारी मानत नाही, मानधनावरची स्वयंसेविका म्हणतं. रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात पळणारी स्वयंसेविका! शब्द बदलले, वतन तेच.

त्याच बैठकीत मी लोहाच्या गोळ्यांचं सांगत होते तेव्हा एका म्हातारीनं विचारलं होतं, "माय, आमाला सांगतीस गोळ्या खा म्हणून. तू खातीस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर दिलं नाही. ही गोष्ट मी पडायच्या दोन महिने आधीची.

मग आता काय करायचं? कायदा बदलेपर्यंत थांबायचं का? नाही. कायद्यासाठी लढायचं आणि लढायला जिवंतही राहायचं. गेल्या वर्षभरात मी काय केलं ते सांगते. हा आदर्श म्हणून नाही, हिशोब म्हणून.

पहिलं, वहीतलं ते पान भिंतीवर चिकटवलं. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला असं वाटायचं की मी तुला मदत करतो." मी म्हटलं, "मदत दुसऱ्याच्या कामात करतात. अहो, हे घर माझ्या एकटीचं आहे का?" त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला. सुरुवातीला भाकरी नकाशासारखी व्हायची. आत्याबाई म्हणाल्या, "पोराच्या हातात पीठ बघायची पाळी आली." मी काही बोलले नाही. पण एका संध्याकाळी त्यांनीच मुलाला भाकरी कशी फिरवायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापानं कधी माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला नाही रे." त्या दिवशी मला कळलं की वतन त्यांनीही भोगलंय, माझ्याहून जास्त.

एकदा बैठकीतून लवकर उठताना हे म्हणाले, आज माझ्यावर स्वयंपाक आहे. पोरं हसली. घरी येऊन हे गप्प होते. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच सांगून उठले. पोरांनी या वेळी कमी हसल्याचं कळलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत, निवडणुकीच्या दिवसांत गाडी परत जुन्या रुळावर जाते आणि परत भांडावं लागतं.

दुसरं, मी शेवटी जेवणं बंद केलं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं याला आपण माया म्हणतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं आहे. मायेनं रक्त भरत नाही. आता आम्ही सगळे एकत्र बसतो, भाजी सगळ्यांच्या ताटात सारखी. आणि माहितीसाठी सांगते: सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. पाळीत फार रक्त जात असेल तर ते बाईचं भोग्य समजू नका, डॉक्टरला विचारा. आणि कुणी पटकन पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

तिसरं, मन. दवाखान्यातून आल्यावर तीन-चार महिने मला विनाकारण रडू यायचं, लेकरांवर हात उचलला जायचा. आपण मोठमोठ्या शोषणावर बोलतो, पण 'मला झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो' हे वस्तीत कुणाला सांगायची सोय नसते. सरकारची टेलिमानस नावाची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मी फोन केला. पलीकडच्या बाईनं पंधरा मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. मी शेवटची कधी कुणाशी पंधरा मिनिटं माझ्याबद्दल बोलले होते, आठवत नव्हतं.

चौथं, अर्धा तास. बाबासाहेबांना जो रमाईंना देता आला नाही, तो अर्धा तास मी मागून घेतला. रात्री साडेनऊ ते दहा. त्या वेळात मला कुणी हाक मारायची नाही. कधी मी वाचते, कधी गच्चीवर नुसती बसते, कधी बसल्या बसल्या झोप लागते. सुरुवातीला त्या अर्ध्या तासात अपराधी वाटायचं, कान भांड्यांच्या आवाजाकडे असायचे. मुलगा दाराबाहेरून "मम्मी, तुझा अर्धा तास कधी संपणार?" विचारायचा. आता तो बहिणीला सांगतो, "मम्मीचा अर्धा तास चालू आहे, हळू बोल." तो मोठा होऊन आपल्या घरात काय करेल, ते याच अर्ध्या तासात ठरतंय असं मला वाटतं.

पण हे चारही उपाय ज्यांच्या घरी समजून घेणारा माणूस आहे, पगार आहे, छप्पर आहे, त्यांनाच जमतील हे मला माहीत आहे. एकट्या आईला, नवरा दारुडा असलेल्या बाईला भिंतीवर कागद चिकटवून काय मिळणार? म्हणून हा विषय घरात सोडून चालणार नाही. तो विहारात आणला पाहिजे. युवकांनो, तुमच्या मंडळांना माझ्या चारच मागण्या आहेत. बैठका स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका. बैठक असेल तेव्हा एका कोपऱ्यात लेकरांसाठी सतरंजी, पुस्तकं आणि सांभाळायला दोन पोरं ठेवा, पोरी नव्हे. महिन्यातून एकदा विहारात बायकांच्या रक्ताची तपासणी लावा. आरोग्य केंद्राला लेखी विनंती द्या आणि पाठपुरावा करा. आणि चौथी मागणी, जयंतीचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा.

या चौथ्या मागणीवर आमच्याकडे मोठा वाद झाला. परंपरा निघाली, चव निघाली, एवढ्या लोकांचा भात पोरांना जमेल का, हेही निघालं. शेवटी रक्त द्यायला आलेल्या त्या चार पोरांनी जबाबदारी घेतली.

यंदाच्या ७ फेब्रुवारीला मी मंडपात पहिल्यांदा खुर्चीवर बसून भाषण ऐकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या शेजारी आत्याबाई होत्या. भात थोडा करपला होता, कुणी तक्रार केली नाही. महिला मंडळातर्फे बोलायची पाळी आली तेव्हा मी रमाईंच्या उपासाबद्दल बोलले नाही. मी १९२८ सालाबद्दल बोलले, त्या अर्ध्या तासाबद्दल आणि त्या रजेच्या बिलाबद्दल. खाली उतरले तेव्हा एक पोरगी जवळ आली. आशाताईचं काम करते, लहान बाळ आहे. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही तो कागद भिंतीवर कसा लिहिलाय? मला फोटो पाठवा ना."

मी तिला फोटो पाठवला. तुम्हीही आज रात्री तुमच्या आईचे, बायकोचे, बहिणीचे चोवीस तास लिहून काढा. तिला शेजारी बसवून लिहा, कारण निम्मी कामं तुम्हाला माहीतच नसतील. आणि तो कागद लिहून होईपर्यंत चहा तुम्ही करा.

जय भीम.